दोन स्कॅनर, एकच मेंदू: एमआरआयची मोजमापं किती जुळतात हे कसं तपासायचं

एमआरआयचं चित्र आणि त्या चित्रावरून काढलेला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, हे रेडिओलॉजिस्ट चित्र पाहून सांगतात. तिथे स्कॅनर कोणत्या कंपनीचा आहे यावरून निदान सहसा बदलत नाही. पण आता संशोधनात आणि हळूहळू रिपोर्टातही आकडे दिसू लागलेत: हिप्पोकॅम्पसचं (मेंदूतल्या स्मृतीशी जोडलेल्या भागाचं) आकारमान इतके घन मिलिमीटर, कॉर्टेक्सची (मेंदूच्या बाहेरच्या थराची) जाडी इतके मिलिमीटर. असा आकडा हातात पडला की लगेच विचारायला हवं: हाच माणूस त्याच दिवशी दुसऱ्या स्कॅनरवर झोपला असता, तर हाच आकडा आला असता का?

नसता आला. किती फरक पडला असता, हे मात्र मोजता येतं, आणि ते मोजल्याशिवाय पुढं जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात त्याच निरोगी वयस्क माणसांचे स्कॅन वेगवेगळ्या स्कॅनरवर घेतले होते. सीमेन्स आणि जीई या दोन कंपन्यांच्या स्कॅनरमध्ये कॉर्टेक्सच्या जाडीत सरासरी ०.१५ मिलिमीटरचा, तर १.५ टेस्ला आणि ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकांमध्ये ०.१७ मिलिमीटरचा फरक आढळला. कॉर्टेक्सची एकूण जाडीच सरासरी अडीच मिलिमीटर. अल्झायमरच्या सुरुवातीच्या काळात होणारी झीजही मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांतली असते. म्हणजे आजारानं पडणारा फरक आणि स्कॅनर बदलल्यानं पडणारा फरक एकाच मापाचे आहेत. सगळी अडचण यातूनच येते.

ज्यांच्याकडे दोन किंवा अधिक स्कॅनरवरचे स्कॅन आहेत किंवा येणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय: निवासी डॉक्टर, पीएचडीचे विद्यार्थी, एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट, आणि परदेशी संस्थांचा खुला डेटा उतरवून त्यावर काम करणारे. भर मेंदूची रचना दाखवणाऱ्या, 'टी-वन' नावाच्या स्कॅनवर आहे, आणि उदाहरण म्हणून हिप्पोकॅम्पस घेतलाय. शेवटचा भाग रुग्णांच्या घरच्यांसाठी आहे.

फरक येतो कुठून

पहिलं आणि सगळ्यांत दुर्लक्षित कारण म्हणजे ग्रेडियंट कॉइल. चित्रातला बिंदू डोक्यात नेमका कुठे आहे, हे स्कॅनरला ग्रेडियंटच्या चुंबकीय उतारावरून कळतं. हा उतार स्कॅनरच्या मध्यभागी सरळ असतो आणि मध्यापासून दूर जावं तसा वाकतो. त्यामुळे कडेचे भाग ताणलेले किंवा दबलेले दिसतात, आणि हे वाकणं प्रत्येक मॉडेलचं वेगळं. कंपन्या त्यासाठी दुरुस्ती देतात, पण ती एका सेंटरवर सुरू आणि दुसऱ्यावर बंद, असं सर्रास असतं.

दुसरं कारण चुंबकाची ताकद. ३ टेस्लावर ऊतींचा टी-वन काळ (चुंबकीय धक्क्यानंतर पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांबतो, त्यामुळे करड्या आणि पांढऱ्या भागातला उजेड-अंधाराचा फरक १.५ टेस्लापेक्षा वेगळा दिसतो. सॉफ्टवेअर या दोन भागांमधली सीमा चित्रातल्या त्याच फरकावरून ओढतं. फरक बदलला की सीमा सरकते, आणि सीमा सरकली की जाडी बदलते. मेंदू आहे तिथेच असतो.

याखेरीज डोक्यावरच्या कॉइलमधले चॅनल किती, चित्राचा उजेड सपाट करणारी प्रक्रिया लावली का, कानाच्या हाडाजवळ आणि सायनसच्या हवेपाशी येणारी विकृती, चित्र तयार होताना लागलेले फिल्टर, या सगळ्यांचा वाटा असतो. आणि रुग्णाची हालचाल. २०१५ च्या एका अभ्यासात डोकं हललं की करड्या भागाचं आकारमान आणि जाडी कमी मोजली जाते हे स्पष्ट दिसलं. त्यामुळे ज्या सेंटरचा स्कॅन लांब चालतो किंवा जिथे डोकं नीट टेकवलं जात नाही, तिथले मेंदू उगाच 'झिजलेले' दिसतात.

पायरी १: किती बदल पकडायचाय ते आधी लिहून काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. स्कॅनर विश्वासार्ह आहे का, या प्रश्नाला एकटं उत्तर नाही. कशासाठी विश्वासार्ह, हे ठरवावं लागतं.

काही आकडे जवळ ठेवा. २००९ च्या एका एकत्रित विश्लेषणानुसार निरोगी वृद्धांमध्ये हिप्पोकॅम्पस वर्षाला सुमारे १.४ टक्के घटतो, तर अल्झायमरच्या रुग्णांत सुमारे ४.७ टक्के. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजारात संपूर्ण मेंदूची घट बहुधा वर्षाला अर्धा ते सव्वा टक्का असते. तुम्हाला रुग्ण आणि निरोगी असे दोन गट वेगळे करायचे असतील, तर हवी असलेली अचूकता एक. एकाच माणसात वर्षभरात झालेली घट दाखवायची असेल, तर ती कितीतरी कडक. कागदावर एक वाक्य लिहा: 'मला हिप्पोकॅम्पसमध्ये दोन वर्षांत इतके टक्के बदल पकडायचाय.' पुढची प्रत्येक पायरी या वाक्याशी ताडून पाहायची.

पायरी २: प्रत्येक स्कॅनरची नोंदवही

प्रत्येक स्कॅनरसाठी एक पान करा. कंपनी, मॉडेल, चुंबकाची ताकद, सॉफ्टवेअरची आवृत्ती, डोक्याची कॉइल, व्हॉक्सेलचा (चित्रातल्या त्रिमितीय ठिपक्याचा) आकार, टीआर, टीई, टीआय (स्कॅनमधल्या वेळांचे आकडे), फ्लिप अँगल, बँडविड्थ, स्कॅनचा वेग वाढवण्याचं प्रमाण. टेक्नॉलॉजिस्टला विचारून लिहू नका. डायकॉम फाइलच्या (स्कॅनरनं दिलेल्या मूळ चित्र-फाइलच्या) हेडरमधून, म्हणजे चित्रासोबत साठवलेल्या माहितीतून, काढा. माणूस प्रोटोकॉलचं नाव सांगतो, हेडर प्रत्यक्षात काय चाललं ते सांगतं.

विकृतीची दुरुस्ती सुरू होती का, हे खास पाहा. सीमेन्सच्या फाइलमध्ये चित्राच्या प्रकारात 'एनडी' असेल तर दुरुस्ती झालेली नाही. 'डीआयएस टू-डी' किंवा 'डीआयएस थ्री-डी' असेल तर झालेली आहे, आणि त्या दोन दुरुस्त्याही एकसारख्या नाहीत. उजेड सपाट करण्याच्या प्रक्रियेला सीमेन्समध्ये 'प्रीस्कॅन नॉर्मलाइज', जीईमध्ये 'प्युअर', फिलिप्समध्ये 'क्लिअर' म्हणतात. नावं वेगळी असली तरी काम जवळपास तेच, म्हणून नोंदताना एकाच रकान्यात नोंदा.

जुना डेटा हाताळत असाल तर तारखेनुसार आवृत्त्या लावून पाहा. एकच स्कॅनर मधल्या काळात अपग्रेड झाला असेल, तर हिशोबासाठी ते दोन स्कॅनर धरावेत.

पायरी ३: प्रोटोकॉल जुळवणे

नवा प्रोटोकॉल शोधत बसू नका. अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झालेल्या अल्झायमर्स डिसीज न्यूरोइमेजिंग इनिशिएटिव्ह या प्रकल्पानं, ज्याला सगळे 'अॅडनी' म्हणतात, सीमेन्स, जीई आणि फिलिप्स या तिन्ही कंपन्यांच्या यंत्रांसाठी जुळवलेले प्रोटोकॉल तयार करून जाहीर केले. टी-वन स्कॅनचं नाव सीमेन्सवर एमपी-रेज, जीईवर ब्राव्हो किंवा तिचाच जुना प्रकार, फिलिप्सवर थ्री-डी टीएफई. सुरुवात तिथून करा.

सगळे आकडे तंतोतंत सारखे ठेवण्याचा हट्ट मात्र नको. दोन कंपन्यांच्या यंत्रांवर टीआर या शब्दाचा अर्थही नेहमी एकच नसतो. व्हॉक्सेल तिन्ही बाजूंनी १ मिलिमीटर, विकृतीची दुरुस्ती सर्वत्र त्रिमितीय, उजेडाची दुरुस्ती सर्वत्र सुरू किंवा सर्वत्र बंद, एवढं पाळलं तरी मोठा पल्ला गाठला जातो. शेवटी करड्या-पांढऱ्या भागातला फरक दोन्हीकडे सारखा दिसतोय का, ते माणसाच्या स्कॅनवर पाहून टीआय आणि फ्लिप अँगल थोडे सरकवा.

डोकं ठेवण्याची जागा ही प्रोटोकॉलचीच बाब समजा. ग्रेडियंट कडेला वाकतो, त्यामुळे एका सेंटरवर डोकं दोन-तीन सेंटिमीटर खाली गेलं तर आकारमान बदलतं. खूण कुठे लावायची, उशी कोणती, बाजूला स्पंज किती, हे टेक्नॉलॉजिस्टबरोबर बसून ठरवा आणि कन्सोलशेजारी लिहून चिकटवा. या कामात टेक्नॉलॉजिस्टइतका महत्त्वाचा माणूस दुसरा कुणी नाही. शोधनिबंधात त्यांचं नाव यायला हवं.

मोठे प्रकल्प हा प्रश्न दोन तऱ्हांनी सोडवतात. यूके बायोबँकनं सगळ्या केंद्रांवर सीमेन्सचा एकाच मॉडेलचा ३ टेस्ला स्कॅनर बसवला. अमेरिकेतल्या मुलांच्या 'एबीसीडी' अभ्यासात २१ केंद्रं आणि तीन कंपन्या आहेत, म्हणून तिथे प्रोटोकॉल जुळवण्यावर मेहनत घेतली. आपल्याकडे पहिला पर्याय क्वचितच परवडतो. एका कॉलेजात जुना १.५ टेस्ला, शेजारच्या खासगी सेंटरमध्ये ३ टेस्ला, हीच नेहमीची स्थिती. त्यामुळे पुढच्या पायऱ्या आपल्यासाठी जास्त महत्त्वाच्या.

पायरी ४: फॅन्टम

फॅन्टम म्हणजे ज्याची मापं आधीच ठाऊक आहेत अशी वस्तू. बऱ्याच सेंटरवर अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीचा मोठा फॅन्टम असतो: आतला व्यास १९० मिलिमीटर, लांबी १४८ मिलिमीटर. स्कॅन करायचा, मोजायचा, आणि मोजलेलं माप खऱ्या मापाशी ताडायचं.

पण पास-नापासचा निकष पाहून थांबू नका. अनेक वर्षं चालत आलेला निकष असा, की चूक २ मिलिमीटरच्या आत असली की यंत्र पास. १९० मध्ये २ म्हणजे साधारण १.०५ टक्के. तिन्ही दिशांना तेवढीच चूक एकाच बाजूला झाली, तर आकारमानात ती ३.२ टक्के होते. निरोगी हिप्पोकॅम्पसची दोन वर्षांची घट त्यापेक्षा कमी आहे. रोजच्या निदानाला पास झालेला स्कॅनर तुमच्या कामासाठी नापास ठरू शकतो, तो असा. म्हणून मिळालेलं माप दशांशासह नोंदा, तिन्ही दिशांचं वेगवेगळं नोंदा, आणि दर आठवड्याला, निदान दर महिन्याला, आलेखावर टाका. रेघ हळूहळू सरकताना दिसली की इंजिनिअरला बोलवा.

फॅन्टमची मर्यादाही ओळखा. तो हलत नाही, त्याला करडा-पांढरा भाग नाही, नाकाशेजारची हवा नाही. तो भूमिती आणि स्थिरता सांगतो. सॉफ्टवेअर सीमा कुठे ओढेल ते सांगत नाही. त्यासाठी माणसंच लागतात.

पायरी ५: तीच माणसं, सगळे स्कॅनर

सगळ्या खटाटोपात पैसा आणि वेळ खर्च करण्याजोगी ही पायरी आहे. काही स्वयंसेवक घ्यायचे आणि त्यांना प्रत्येक स्कॅनरवर न्यायचं. अमेरिकेतल्या 'नेप्ल्स' या मनोविकारविषयक प्रकल्पात आठ जणांनी आठ केंद्रांवर जाऊन प्रत्येक ठिकाणी लागोपाठ दोन दिवस स्कॅन दिले. जपानमध्ये नऊ जण बारा ठिकाणी गेले. मल्टिपल स्क्लेरॉसिसवर काम करणाऱ्या एका अमेरिकी गटानं तर एकाच रुग्णाचे सात केंद्रांवर स्कॅन घेतले. तिथे सगळे स्कॅनर एकाच कंपनीचे ३ टेस्ला होते आणि प्रोटोकॉल जुळवलेला होता, तरी केंद्रांमध्ये ठरावीक फरक दिसले.

तुमच्याकडे दोन-तीन स्कॅनर असतील तर आठ-दहा माणसांपासून सुरुवात करा. अट एकच, तिला तडजोड नाही: प्रत्येक माणूस प्रत्येक स्कॅनरवर दोनदा. पहिल्या स्कॅननंतर त्याला टेबलावरून उतरवायचं, दोन मिनिटं चालू द्यायचं, मग नव्यानं झोपवायचं. ही पुनरावृत्ती नसेल तर दोन स्कॅनरमधला फरक स्कॅनरचा की नुसत्या झोपण्याचा, हे नंतर कुठल्याही गणितानं वेगळं करता येत नाही.

स्वयंसेवक कोण, यालाही महत्त्व आहे. विभागातले तरुण निवासी डॉक्टर सहज मिळतात, पण अभ्यास सत्तरीच्या रुग्णांचा असेल तर तरुणांवर काढलेला आकडा अपुरा. वय वाढलं की व्हेंट्रिकल (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या) मोठे होतात, ऊतींमधला फरक फिका पडतो, हालचाल वाढते. निदान निम्मे स्वयंसेवक रुग्णांच्या वयाचे हवेत.

क्रम बदलत ठेवा: निम्मे जण आधी 'अ' स्कॅनरवर, निम्मे आधी 'ब' वर. सगळे स्कॅन काही आठवड्यांत उरका, म्हणजे खरा बदल मध्ये शिरत नाही. वेळ शक्यतो सारखी ठेवा. दिवसाच्या वेळेनुसार मेंदूच्या मोजमापात बारीक फरक पडतो. आणि पाणी. २००५ च्या एका जर्मन अभ्यासात सोळा तास पाणी न प्यायल्यावर मेंदूचं आकारमान सरासरी ०.५५ टक्के घटलं, पाणी प्यायल्यावर पुन्हा वाढलं. मल्टिपल स्क्लेरॉसिसची ही एका वर्षाची घट झाली. स्वयंसेवकाला निर्जळी एकादशी आहे का, रोजा आहे का, हे फोनवरच विचारा आणि त्या दिवशी स्कॅन ठेवू नका.

एथिक्स कमिटीची परवानगी अर्थातच आधी. अर्जात दोन गोष्टी स्पष्ट लिहा: प्रत्येक स्कॅनरवर धातूची तपासणी पुन्हा होईल, कारण १.५ टेस्लाला चालणारं इम्प्लांट ३ टेस्लाला चालेलच असं नाही. आणि निरोगी माणसाच्या स्कॅनमध्ये अनपेक्षित काही सापडलं तर त्याला कोण, कधी आणि कसं सांगणार.

पायरी ६: चित्रांवरची प्रक्रिया

इथला फरक स्कॅनरचा नसतो, पण दिसतो मात्र त्याच्यासारखा. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या एका गटानं तेच स्कॅन मेंदूची मापं काढणाऱ्या फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरच्या तीन आवृत्त्यांमधून काढले. आवृत्ती बदलल्यावर आकारमानं सरासरी ८.८ टक्क्यांनी आणि जाडी २.८ टक्क्यांनी वेगळी आली. संगणकाचा प्रकार आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बदलल्यावरही फरक पडला. माणूस तोच, स्कॅनही तोच.

तेव्हा एक आवृत्ती ठरवा आणि प्रकल्प संपेपर्यंत बदलू नका. सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह एका पॅकेजात (कंटेनरमध्ये) बंद करून ठेवलं, तर दुसऱ्या संगणकावरही तेच वातावरण मिळतं. निम्मे स्कॅन मुंबईत एकानं आणि निम्मे बेंगळुरूत दुसऱ्यानं प्रोसेस केले, असं होऊ देऊ नका. टेम्प्लेटही (सगळे मेंदू ज्याच्याशी जुळवतात तो नमुना मेंदू) सर्वांना एकच. बेंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मनोरोग संस्थेच्या गटानं २०२० मध्ये ६ ते ६० वर्षं वयाच्या भारतीयांसाठी पाच टेम्प्लेट जाहीर केली आहेत. ती वापरा किंवा नेहमीचं परदेशी वापरा, पण केंद्रागणिक बदलू नका.

चित्रांची गुणवत्ता डोळ्यांनी तपासणाऱ्याला स्कॅन कुठल्या सेंटरचा आहे ते कळू देऊ नका. फाइलची नावं बदलून द्या. खराब स्कॅन काढून टाकण्याचे नियम आधी लिहा, निकाल पाहिल्यावर नाही. प्रत्येक सेंटरवरून किती स्कॅन बाद झाले, हा आकडाही जाहीर करा. बरंच काही त्यातूनच कळतं.

पायरी ७: हिशोब

आता आकडे. खालचं उदाहरण काल्पनिक आहे, पण मापं वास्तवाला धरून आहेत. दोन्ही बाजूंचा मिळून हिप्पोकॅम्पस सरासरी ७,००० घन मिलिमीटर धरू.

आधी एका स्कॅनरवरची पुनरावृत्ती पाहा. प्रत्येक माणसाच्या दोन स्कॅनमधला फरक घ्या, त्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा, माणसांच्या संख्येच्या दुपटीनं भागा, वर्गमूळ काढा. हे माणसाच्या आतलं प्रमाण विचलन. समजा ६० आलं. त्याला २.७७ नं (१.९६ गुणिले २ चं वर्गमूळ) गुणा: १६६. एकाच माणसाच्या, एकाच स्कॅनरवरच्या दोन मोजमापांत १६६ घन मिलिमीटरपर्यंतचा, म्हणजे सुमारे २.४ टक्क्यांचा फरक निव्वळ मोजमापाच्या चुकीतून येऊ शकतो. निरोगी माणसाची वर्षाची घट १.४ टक्के, म्हणजे ९८. एकट्या माणसात वर्षभरात ती दिसणार नाही. मोठ्या गटाच्या सरासरीत दिसेल.

आता दोन स्कॅनरमधला फरक. १९८६ पासून प्रचलित असलेली ब्लँड-आल्टमन पद्धत वापरा: प्रत्येक माणसाचा 'ब' उणे 'अ' फरक उभ्या अक्षावर, दोन्हींची सरासरी आडव्या अक्षावर. समजा 'ब' स्कॅनर सरासरी १८० नं जास्त दाखवतो आणि फरकांचं प्रमाण विचलन १२० आहे. १२० ची १.९६ पट २३५, म्हणून ९५ टक्के फरक १८० उणे २३५ ते १८० अधिक २३५, म्हणजे उणे ५५ ते अधिक ४१५ या पट्ट्यात येतील. कुणी रुग्ण पहिल्या वर्षी 'अ' वर आणि दुसऱ्या वर्षी 'ब' वर गेला, तर त्याची खरी झीज लपून जाईल, कदाचित हिप्पोकॅम्पस वाढलेलाच दिसेल.

पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८० वजा केले की काम झालं का? पाहा. नुसत्या पुनरावृत्तीच्या चुकीमुळे दोन मोजमापांच्या फरकाचा व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) ६० च्या वर्गाच्या दुप्पट, म्हणजे ७,२०० यायला हवा होता. प्रत्यक्षात तो १२० चा वर्ग, म्हणजे १४,४०० आला. उरलेले ७,२०० म्हणजे स्कॅनर प्रत्येक माणसाला सारखाच फसवत नाही, त्याचं माप: कुणाला १०० नं, कुणाला २६० नं. सरासरी फरक वजा करून हा भाग जात नाही. डोक्याचा आकार, डोक्याची जागा, वयानुसार बदलणारा ऊतींमधला फरक, यांत कारण शोधावं लागतं. फरक आडव्या अक्षाबरोबर वाढत जाताना दिसला तर एक धागा लगेच मिळतो: चूक ठरावीक नसून प्रमाणात आहे.

मग आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन कोएफिशंट): एकूण फरकात माणसामाणसांतल्या खऱ्या फरकाचा वाटा किती, ते सांगणारा ० ते १ मधला आकडा. सगळे हाच आकडा मागतात. ०.५ पेक्षा कमी वाईट, ०.७५ च्या वर चांगला, ०.९ च्या वर उत्तम, असे ठोकताळे २०१६ पासून रूढ आहेत. वापरा, पण दोन सापळे ओळखून. एक, आयसीसीचे प्रकार आहेत. 'सुसंगती'चा आयसीसी सरासरी फरकाकडे दुर्लक्ष करतो. 'ब' प्रत्येकाला १८० जास्त दाखवत असला तरी तो उत्तमच येईल. स्कॅनर एकमेकांच्या जागी वापरायचे असतील तर 'एकमता'चा आयसीसी काढा आणि कोणता काढला ते लिहा. दोन, आयसीसी माणसांच्या निवडीवर अवलंबून असतो. वरचंच ६० घ्या. माणसामाणसांतलं प्रमाण विचलन ३०० असेल तर आयसीसी ०.९६ येतो. सगळे साधारण एकसारखे निवडले आणि ते ८० वर आलं, तर तोच स्कॅनर, तीच चूक, आणि आयसीसी ०.६४. म्हणून घन मिलिमीटरमधला आकडा आणि आयसीसी दोन्ही छापा.

पायरी ८: दुरुस्ती आणि तिची मर्यादा

सर्वांत जास्त वापरात असलेली पद्धत म्हणजे कॉम्बॅट. ती २००७ मध्ये जनुकांच्या चाचण्यांतले गटागटांतले फरक काढण्यासाठी आली आणि २०१७-१८ मध्ये मेंदूच्या स्कॅनसाठी वापरली गेली. ती प्रत्येक स्कॅनरची सरासरी आणि पसारा दोन्ही जुळवते, आणि लहान सेंटरचे अंदाज फार भरकटू नयेत म्हणून सर्व मोजमापांची माहिती एकत्र वापरते. वय, लिंग, निदान हे घटक राखून ठेवायला तिला सांगावं लागतं. विसरलात तर खरा फरकही धुऊन जातो. एकाच माणसाचे अनेक वर्षांचे स्कॅन असतील तर तिचा दीर्घकालीन प्रकार वापरा.

पण समजा सगळे रुग्ण हॉस्पिटलच्या १.५ टेस्लावर आणि सगळे निरोगी लोक संशोधन केंद्राच्या ३ टेस्लावर स्कॅन केलेत. तर कॉम्बॅट किंवा दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर ते प्रकरण वाचवू शकत नाही. आजार आणि स्कॅनर एकमेकांत असे गुंतलेत की त्या डेटात ते वेगळे करण्याची माहितीच नाही. फिरत्या स्वयंसेवकांचा वेगळा डेटा असेल तरच काही आशा. ही रचना आपल्याकडे वारंवार दिसते, कारण ती सोयीची आहे. अभ्यास सुरू होण्याआधी प्रत्येक स्कॅनरवर रुग्णही आणि निरोगीही, साधारण त्याच प्रमाणात आणि वयात, अशी वाटणी करा.

मशीन लर्निंग करणाऱ्यांनी आणखी एक पाळावं: दुरुस्तीचे अंदाज फक्त प्रशिक्षणाच्या डेटावर काढा आणि मगच चाचणीच्या डेटाला लावा. सगळा डेटा एकत्र दुरुस्त करून नंतर विभागला, तर निकाल खोटे चांगले येतात. आणि दुरुस्तीनंतर एक चाचणी कराच: नुसत्या आकड्यांवरून स्कॅन कुठल्या सेंटरचा ते मॉडेलला ओळखता येतंय का? येत असेल तर दुरुस्ती पुरी झालेली नाही.

पायरी ९: अपग्रेड

स्कॅनरचं अपग्रेड ठरलं की इंजिनिअर येण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यात फॅन्टम आणि निदान पाच-सहा स्वयंसेवक स्कॅन करा. ही संधी एकदाच येते. त्यासाठी रेडिओलॉजी विभागाच्या प्रमुखांना आणि यंत्राची सर्व्हिस पाहणाऱ्यांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा: तारीख ठरताच आम्हाला कळवा.

एफएमआरआय (रचनेऐवजी मेंदूचं काम दाखवणारा एमआरआय) असेल तर

वरची सगळी काळजी तर हवीच, पण अपेक्षा खाली आणा. २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणात मेंदूतल्या दोन भागांमधल्या एकेका जोडणीचा आयसीसी सरासरी ०.२९ आला. २०२० मध्ये, काम देऊन केलेल्या एफएमआरआयसाठी तो ०.४ च्या जरा खाली होता. हे आकडे पुनरावृत्तीचे आहेत. स्कॅनर बदलल्याचा फटका त्यावर आणखी. इथे विश्वासार्हता वाढवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक माणसाचा जास्त वेळ स्कॅन घेणं, आणि 'अगर' या जेलीनं भरलेल्या गोल फॅन्टमवर यंत्राची मिनिटामिनिटाची स्थिरता नियमित पाहणं.

घरच्यांसाठी

आई-वडिलांपैकी कुणाला स्मृतिभ्रंशाची शंका असेल किंवा मल्टिपल स्क्लेरॉसिसचे दरवर्षी स्कॅन होत असतील, तर शक्यतो त्याच सेंटरवर, त्याच स्कॅनरवर जा. थोडं लांब पडलं तरी. अपॉइंटमेंट घेताना मागच्या वेळची तारीख सांगा आणि तेच मशीन, तोच प्रोटोकॉल मिळेल का ते विचारा. फिल्मवर समाधान मानू नका. डायकॉम फाइल सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या, घरी आल्यावर उघडते का पाहा, आणि दुसऱ्या ठिकाणीही प्रत ठेवा. फिल्मवरून आकारमान मोजता येत नाही. स्कॅनच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, पाणी नेहमीसारखं प्या.

रिपोर्टात आकारमान कमी झाल्याचं लिहून आलं, तर न्यूरॉलॉजिस्टला तीन गोष्टी विचारा: दोन्ही स्कॅन एकाच मशीनवरचे आहेत का, मोजणारं सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती तीच आहे का, आणि हा बदल त्या मोजमापाच्या चुकीपेक्षा मोठा आहे का. स्कॅनर बदलावाच लागला, तर नव्या मशीनवरच्या पहिल्या स्कॅनला नवी सुरुवात धरून पुढची तुलना त्याच्याशी करायला सांगा. जुन्या स्कॅनशी तुलना रेडिओलॉजिस्टनं दोन्ही चित्रं शेजारी ठेवून डोळ्यांनी करावी.